स्वच्छ ऊर्जा प्रणाली : अध्यापन आणि संशोधन एकाच मांडणीवर कसे उभारावे

अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाकडे स्वच्छ ऊर्जा प्रणाली हा विषय शिकवण्याची आणि त्याच विषयात संशोधन उभे करण्याची जबाबदारी आली, की ही दोन कामे बहुधा एकमेकांकडे पाठ करून चालू लागतात. वर्गात सौर, पवन, बॅटरी, हायड्रोजन अशी प्रकरणांमागून प्रकरणे संपवली जातात, तर प्रयोगशाळेत एखाददुसरा संशोधक विद्यार्थी एका सुट्या घटकावर तीन-चार वर्षे एकट्याने झटत राहतो. ही फारकत टाळता येते, कारण दोन्हीकडे लागणारी शिस्त एकच आहे : प्रणालीची सीमारेषा नेमकी आखणे, ती ओलांडून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या ऊर्जेचा ताळेबंद मांडणे, आणि त्या ताळेबंदातील प्रत्येक आकडा किती भरवशाचा आहे हे सांगणे. पुढील सूचना याच शिस्तीभोवती रचल्या आहेत. त्या नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकासाठी आहेत, तशाच जुना अभ्यासक्रम नव्याने बांधू पाहणाऱ्यासाठीही.

पहिला तास सीमारेषेचा

अभ्यासक्रमाची सुरुवात तंत्रज्ञानांच्या यादीने करू नये. पहिल्याच तासाला एक यंत्र घ्यावे आणि त्याची कार्यक्षमता किती, असा साधा प्रश्न विचारावा. यासाठी पाण्याचे विघटन करून हायड्रोजन तयार करणारा इलेक्ट्रोलायझर हे फार चांगले उदाहरण आहे. एक किलो हायड्रोजनसाठी असे संयंत्र साधारणपणे ५० ते ५५ किलोवॅट-तास वीज घेते. आपण ५२ धरू. हायड्रोजन जळल्यावर तयार होणारी वाफ वाफच राहिली असे मानले, तर एका किलोतून ३३.३ किलोवॅट-तास उष्णता मिळते. ती वाफ थंड होऊन तिचे पाणी झाले असे मानले, तर ३९.४ मिळते. म्हणजे त्याच यंत्राची, त्याच दिवसाची कार्यक्षमता एका हिशोबाने ६४ टक्के आणि दुसऱ्या हिशोबाने ७६ टक्के निघते, आणि दोन्ही उत्तरे बरोबर असतात. त्यातच विजेचे मोजमाप केवळ विद्युतघटांच्या टोकांवर केले, की पंप, शीतन, वायू कोरडा करण्याची यंत्रणा आणि एसीचे डीसी करणारे उपकरण या सर्वांसह केले, यावर आकडा आणखी हलतो.

विद्यार्थ्यांना हा फरक एकदा स्वतःच्या हाताने काढायला लावला, की पुढे वर्षभर ते कोणतीही टक्केवारी वाचताना आधी 'कशाच्या तुलनेत आणि कुठे मोजून?' असे विचारू लागतात. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातून एवढे एकच पदरात पडले तरी बरेच काही साधले.

याच तासाला एककांचा घोळही निस्तरून टाकावा. किलोवॅट हा वेग आहे आणि किलोवॅट-तास हा साठा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही उत्तरपत्रिकेत 'बॅटरीची क्षमता १० किलोवॅट' असे वाक्य दरवर्षी सापडतेच. अशा वाक्याला निम्मे गुणसुद्धा देऊ नयेत.

कमाल मर्यादा आधी, यंत्र नंतर

कोणत्याही तंत्रज्ञानाचे वर्णन करण्यापूर्वी निसर्गनियमाने घातलेली कमाल मर्यादा फळ्यावर लिहावी. उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनासाठी ती सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये दाखवून दिली. पवनचक्कीसाठी ती बेट्झ मर्यादा आहे : वाऱ्यातील गतिज ऊर्जेपैकी जास्तीत जास्त १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के, पाती काढून घेऊ शकतात, कारण सगळीच ऊर्जा काढून घेतली तर हवा पात्यांमागे थांबून राहील आणि नवा वारा आत येणारच नाही. एकाच जोडाच्या, म्हणजे एकाच अर्धवाहक संधीच्या, सौरघटासाठी शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या विवेचनातून सुमारे ३३ टक्क्यांची मर्यादा मिळते.

मर्यादा आधी सांगण्याचे दोन फायदे आहेत. विद्यार्थ्याला सुधारणेला जागा कुठे उरली आहे हे कळते, आणि संशोधकाला आपला प्रश्न निवडताना कोणत्या दाराशी धडका मारण्यात अर्थ नाही हेही कळते. हीट पंपाचे, म्हणजे विजेच्या जोरावर बाहेरची उष्णता उचलून आत आणणाऱ्या यंत्राचे, उदाहरण येथे विशेष उपयोगी पडते. बाहेर ५ अंश सेल्सिअस आणि आत ३५ अंश तापमान असताना आदर्श हीट पंप एका युनिट विजेवर दहापेक्षा थोडी जास्त युनिटे उष्णता देऊ शकतो. प्रत्यक्षातील चांगला पंप तीन-चार देतो. 'कार्यक्षमता १०० टक्क्यांपेक्षा जास्त कशी?' हा प्रश्न वर्गातून येतोच, आणि त्याचे उत्तर पुन्हा सीमारेषेपाशीच नेते : बाहेरच्या हवेतून उचललेली उष्णता आपण खर्चाच्या रकान्यात मांडलेलीच नसते.

एकच मांडणी, पण नीट मोजणारी

प्रयोगशाळेसाठी मिळालेला निधी दहा छोट्या तयार संचांवर वाटून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्याऐवजी एक अशी मांडणी उभारावी, की जिच्यावर पदवीचे विद्यार्थी दोन तासांचे प्रात्यक्षिक करू शकतील आणि संशोधक विद्यार्थी दोन वर्षे काम करू शकेल. पाठीमागून पाण्याने थंड केले जाणारे सौर पॅनेल, त्याला जोडलेला चार्ज कंट्रोलर (बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारे उपकरण), बॅटरी, बदलता येणारा लोड (वीज खर्च करणारा भार), पाण्याची टाकी आणि पंप ही अशी एक मांडणी आहे. वीज, उष्णता, साठवण आणि नियंत्रण ही चारही अंगे तिच्यात येतात, आणि तिची गणिते कागदावर मावतील इतकी छोटी राहतात.

तिचा ताळेबंद आकड्यांत पाहू. पॅनेलचे क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर आहे आणि प्रमाणित चाचणीच्या अटींवर, म्हणजे दर चौरस मीटरला १००० वॅट सूर्यप्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश असताना, कार्यक्षमता २० टक्के आहे असे धरू. या अटींवर पॅनेल ३४० वॅट देईल. उघड्यावर मात्र घट सहज ६० अंशांपर्यंत तापतात. स्फटिकी सिलिकॉनच्या घटांची शक्ती दर अंशाला साधारण ०.३ ते ०.५ टक्क्यांनी घटते, ०.४ धरल्यास ३५ अंशांच्या वाढीने १४ टक्के शक्ती जाते आणि हाती सुमारे २९२ वॅट उरतात. आता मागून पाणी खेळवून तापमान ४५ अंशांवर आणले, तर १५ अंशांचे ६ टक्के, म्हणजे मूळ ३४० वॅटवर सुमारे २० वॅट परत मिळतात.

येथे थांबून विद्यार्थ्यांना पंपाकडे बोट दाखवावे. तो २५ वॅट घेत असेल, तर विजेच्या हिशोबात आपण ५ वॅटनी तोट्यात आहोत. 'शीतनामुळे पॅनेलची कार्यक्षमता वाढली' हे विधान तरीही खरेच राहते. फक्त ते पॅनेलपुरते खरे आहे, प्रणालीपुरते नाही. यावर चतुर विद्यार्थी म्हणेल, की गरम झालेले पाणीही मिळाले, ते का धरत नाही? जरूर धरावे. दर सेकंदाला ०.०२५ किलो, म्हणजे मिनिटाला दीड लिटर पाणी ५ अंशांनी तापले, तर ५२३ वॅट उष्णता मिळते. २० वॅट विजेसमोर हा आकडा प्रचंड वाटतो. परंतु भोवतालचे तापमान ३० अंश असताना ४० अंशांच्या उष्णतेतून काम करून घेण्याची कमाल क्षमता सुमारे ३.२ टक्केच असते, म्हणजे त्या ५२३ वॅटचे मोल कामाच्या भाषेत सुमारे १७ वॅट एवढेच भरते. ऊर्जेचे प्रमाण आणि ऊर्जेची प्रत यांतील फरक शिकवण्यासाठी यापेक्षा सोपे साधन मला माहीत नाही. अर्थात कोणाला कोमट पाणीच हवे असेल, तर तो तेथे फायद्यातच राहतो. कोणता हिशोब लागू करायचा हे वापर ठरवतो, आणि तसे लिहून ठेवणे संशोधकाचे काम आहे.

आता मापनाकडे वळू. संशोधनाचे खरे यशापयश येथेच ठरते, आणि सर्वांत जास्त हयगयही येथेच होते. वरच्या ५२३ वॅटच्या आकड्यात तापमानातील फरक फक्त ५ अंशांचा आहे. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात एकेक थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडावरून तापमान मोजणारा मापक) ठेवले आणि प्रत्येकाची अनिश्चितता अर्धा अंश असली, तर दोन्ही स्वतंत्र चुका वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने एकत्र येऊन फरकातील अनिश्चितता ०.७ अंश होते. पाच अंशांवर ०.७ अंश म्हणजे १४ टक्के. प्रवाहमापक कितीही महागाचा आणला तरी ही १४ टक्के अनिश्चितता हटत नाही. अशा मांडणीवर 'नव्या रचनेमुळे उष्णतेत १० टक्के वाढ झाली' असे लिहिणे म्हणजे किलोचा काटा हलणाऱ्या तराजूवर तोळे मोजण्यासारखे आहे.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चिक नाहीत. थर्मोकपलऐवजी प्लॅटिनमचे रोधमापक, ज्यांना पीटी-१०० म्हणतात, ते वापरावेत. दोन्ही एकाच पाण्याच्या भांड्यात शेजारी-शेजारी बुडवून वेगवेगळ्या तापमानांना त्यांच्या वाचनांतील फरक नोंदवावा आणि पुढे तो वजा करावा. फरकापुरती प्रत्येकाची अनिश्चितता अशा रीतीने ०.०५ अंशांवर आणता आली, तर ५ अंशांवरील चूक १४ वरून १.४ टक्क्यांवर येते. मात्र त्यांना दोनच तारांनी जोडू नये. पीटी-१०० चा रोध दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहम बदलतो, त्यामुळे तारांचा ०.४ ओहम रोध मोजमापात शिरला तरी वाचन एका अंशाने चुकते. चार तारांची जोडणी केल्यास हा दोष निघून जातो. प्रात्यक्षिकात एका गटाला दोन तारांनी आणि दुसऱ्याला चार तारांनी जोडायला लावावे, आणि उत्तरे का जुळत नाहीत हे त्यांनाच शोधू द्यावे. त्यासाठी एक संपूर्ण सत्र गेले तरी चालेल.

विजेच्या बाजूला अडचण वेगळी असते. व्होल्टेज आणि विद्युतधारा अचूक मोजता येतात, पण सूर्यप्रकाश मोजणाऱ्या मापकाची अनिश्चितता ५ टक्के असेल, तर २० टक्के कार्यक्षमता प्रत्यक्षात १९ ते २१ यांमध्ये कोठेही असू शकते. शीतनाने मिळणारा ६ टक्क्यांचा लाभ या धुक्यात जवळजवळ हरवून जातो. म्हणून एकाच पॅनेलवर आज शीतनाविना आणि उद्या शीतनासह मोजण्याची पद्धत टाळावी. एकाच उत्पादकाची दोन पॅनेले शेजारी ठेवावीत, एकाला थंड करावे, दुसऱ्याला करू नये, आणि दोघांच्या शक्तीचे गुणोत्तर काढावे. दोघांवर पडणारा सूर्य एकच असल्याने मापकाची सामायिक चूक गुणोत्तरातून निघून जाते. नंतर शीतन एकाचे काढून दुसऱ्याला द्यावे, म्हणजे पॅनेलांमधील मूळचा फरकही उघडा पडतो. ही अदलाबदल कंटाळवाणी असते आणि म्हणूनच ती टाळली जाते.

सरासरीवर विसंबू नये

स्वच्छ ऊर्जेच्या स्रोतांचा स्वभाव चंचल असतो, त्यामुळे काळाचे परिमाण अभ्यासक्रमात उशिरा आणून चालत नाही. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. अर्धा वेळ सेकंदाला ४ मीटर आणि अर्धा वेळ ८ मीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याची सरासरी ६ येते. सहाचा घन २१६, परंतु चार आणि आठ यांच्या घनांची सरासरी २८८. सरासरी वेगावरून हिशोब करणारा विद्यार्थी प्रत्यक्षातील शक्तीच्या एक चतुर्थांशाला मुकतो. सौर ऊर्जेबाबत असाच धडा क्षमता-गुणांकाने, म्हणजे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालल्यास मिळाली असती त्या विजेपैकी प्रत्यक्षात मिळणाऱ्या हिश्शाने, द्यावा : वर्षाचे ८७६० तास आणि २० टक्के गुणांक धरला, तर एक किलोवॅटचे संयंत्र वर्षाला १७५२ किलोवॅट-तास देते. मात्र ती वीज नेमकी केव्हा मिळते, हे त्या एका आकड्यात कोठेच दिसत नाही.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षभराची तासागणिक मागणी आणि उत्पादन यांची सारणी देऊन साठवणीची गरज काढायला लावावी. अल्प मुदतीसाठी लिथियम-आयन बॅटरी, काही तासांसाठी उदंचन जलविद्युत (पाणी पंपाने उंचावर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडण्याची पद्धत), ऋतूंमधील तफावतीसाठी हायड्रोजनसारखे वाहक, अशी उतरंड मग त्यांच्याच आलेखातून निघते. विजेपासून हायड्रोजन आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज या फेऱ्यात इलेक्ट्रोलायझर ६४ टक्के आणि इंधनघट ५० टक्के धरले, तर शंभरातील ३२ युनिटे परत येतात, आणि वायू दाबून भरण्याचा खर्च अजून बाकीच असतो. उदंचन जलविद्युत ७० ते ८० युनिटे परत देते, बॅटरी त्याहूनही जास्त. तरीही बॅटरी सर्व ठिकाणी का पुरत नाही, यावर वर्गात वाद घडवून आणावा आणि प्राध्यापकाने शेवटपर्यंत आपले मत सांगू नये.

प्रारूपे आणि संगणक

संगणकीय प्रारूपांसाठी मुक्त साधने पुरेशी आहेत. सौर उत्पादनासाठी पीव्हीलिब, वीज-जाळ्याच्या नियोजनासाठी पायपीएसए आणि गतिमान प्रणालींसाठी ओपनमोडेलिका ही वर्गात आणि संशोधनात सारखीच वापरता येतात, आणि विद्यार्थी पदवीनंतर ती सोबत नेऊ शकतात. नियम एकच ठेवावा : संगणक सुरू करण्यापूर्वी उत्तराचा अंदाज कागदावर लिहिलेला असला पाहिजे.

संशोधनात आणखी एक पथ्य पाळावे. ज्या नोंदींवरून प्रारूपातील स्थिरांक ठरवले, त्याच नोंदींशी प्रारूप जुळते हे दाखवून पडताळणी झाली असे म्हणू नये. नोंदी आधीच दोन भागांत विभागाव्यात, आणि तो विभाग शक्यतो ऋतूनुसार असावा. स्वच्छ आकाशाच्या दिवसांवर बसवलेले प्रारूप ढगाळ दिवसांवर तपासले, की त्याचे खरे रूप दिसते.

संशोधनाचा प्रश्न आणि विद्यार्थी

प्रश्न निवडताना लोकप्रियतेकडे पाहू नये असे म्हणणे सोपे आहे. पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थांपासून केलेल्या सौरघटांची कार्यक्षमता २००९ मधील ३.८ टक्क्यांवरून पुढील काही वर्षांत २५ टक्क्यांच्या पलीकडे गेली, तेव्हा असंख्य प्रयोगशाळा तिकडे वळणे स्वाभाविकच होते. पण ज्या प्रयोगशाळेकडे आर्द्रतारहित पेटी, पातळ थर देण्याची साधने आणि अनुभवी हात नाहीत, तिने त्या शर्यतीत उतरण्यापेक्षा प्रणालीच्या पातळीवरील प्रश्न घेणे शहाणपणाचे ठरते : धुळीने होणारी घट, बॅटरीच्या चार्जिंगचे वेळापत्रक, इन्व्हर्टरचे कमी लोडवरील वर्तन. कसोटी साधी आहे. अपेक्षित परिणाम आपल्या मापनाच्या अनिश्चिततेपेक्षा किमान तिपटीने मोठा आहे का? नसेल, तर एकतर मापन सुधारावे किंवा प्रश्न बदलावा.

नव्या संशोधक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात नवे काही शोधायला सांगू नये. पहिले सहा महिने त्याने आधी प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष आपल्या मांडणीवर जसाच्या तसा मिळवून दाखवावा. तो मिळाला, तर मांडणीवर विश्वास बसतो. मिळाला नाही, तर बहुतेक वेळा मांडणीतील दोष सापडतो, आणि क्वचित प्रबंधाचा विषयच सापडतो. त्याच काळात त्याने पदवीच्या प्रात्यक्षिकांना मदतनीस म्हणून उभे राहावे. वीस विद्यार्थी जेव्हा एकाच यंत्रावर वीस तऱ्हांनी चुका करतात, तेव्हा त्या यंत्राच्या खोडी जितक्या लवकर कळतात, तितक्या एकट्याने काम करताना कळत नाहीत. प्रात्यक्षिकांच्या जुन्या नोंदीही फेकू नयेत; त्याच पॅनेलवरील पाच वर्षांच्या वाचनांतून त्याची झीज दिसू लागते, आणि ती कोणत्याही एका प्रबंधाच्या काळात मिळू शकत नाही.

मूल्यमापन

परीक्षेत एक प्रश्न असा ठेवावा, की ज्यात आवश्यक माहितीपैकी एक आकडा मुद्दाम दिलेला नाही. विद्यार्थ्याने तो कोणत्या आधाराने गृहीत धरला आणि तो चुकला तर उत्तर किती हलेल, यालाच गुण असावेत. प्रात्यक्षिकाच्या अहवालात अनिश्चिततेविना लिहिलेला अंतिम आकडा अपूर्ण समजावा. उलट, अपेक्षित परिणाम मिळाला नाही, परंतु का मिळाला नाही याचा माग नीट काढला आहे, अशा अहवालाला पूर्ण गुण द्यावेत, आणि हे वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावे. तसे न केल्यास जुन्या अहवालांतील सुबक आकडे नव्या अहवालांत उतरत राहतात.

सुरक्षितता

हा भाग पहिल्या प्रात्यक्षिकापूर्वी उरकावा, पण घाईने नव्हे. सौर पॅनेलला बंद करण्याची कळ नसते. उजेड आहे तोवर त्याच्या टोकांवर व्होल्टेज असते. एसीप्रमाणे डीसी प्रवाह दर आवर्तनात शून्यावर येत नसल्याने त्याची ठिणगी आपोआप विझत नाही, म्हणून लोड चालू असताना जोडणी कधीही उपसू नये. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात मिसळलेला असताना पेट घेऊ शकतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे वायुशोधक छताजवळ बसवावा आणि वायुवीजन सुरू असल्याशिवाय इलेक्ट्रोलायझर चालूच होणार नाही अशी जोडणी करावी. लिथियम-आयन घट ठरलेल्या व्होल्टेजपलीकडे चार्ज होऊ देऊ नयेत, आणि फुगलेला घट 'अजून चालतो' म्हणून पुन्हा मांडणीत बसवू नये.

शेवटी नोंदवहीबद्दल. मांडणीशेजारी एक बांधीव वही कायम ठेवावी आणि तिच्यात प्रत्येक बदल तारखेसह लिहावा : कोणता मापक केव्हा प्रमाणित केला, कोणती तार बदलली, पॅनेल शेवटचे केव्हा पुसले, डेटा लॉगरचे, म्हणजे वाचने आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राचे, घड्याळ किती सेकंद पुढे होते. विद्यार्थी जाताना त्याने ही वही आपल्या जागी येणाऱ्याला मांडणीसमोर उभे राहून समजावून सांगावी, आणि नव्याने येणाऱ्याने केवळ त्या नोंदींच्या आधारे एका दिवसाचा पूर्ण ताळेबंद काढून दाखवल्यानंतरच प्राध्यापकाने जाणाऱ्याच्या प्रबंधावर सही करावी.